लिलावानंतर उरतो तो कुणाचा बोजा? खोती, वतन आणि रायगड किनाऱ्यावरची जमीन

बँकेच्या लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात येते, तेव्हा तिच्यात बारीक अक्षरांत एक वाक्य हमखास असते. मालमत्ता 'जे आहे जेथे आहे, जसे आहे जे आहे आणि जे काही आहे तेथे आहे' या तत्त्वावर विकली जाईल. बहुतेक लोक राखीव किंमत आणि इसारा रक्कम बघतात आणि हे वाक्य सोडून देतात. आमचे म्हणणे असे की त्या जाहिरातीतले सगळ्यात महत्त्वाचे वाक्य तेच आहे. कारण त्याचा सरळ अर्थ एवढाच: आम्ही आमचे कर्ज वसूल करून मोकळे होतो, जमिनीवर आणखी कुणाचा काय बोजा आहे ते तुमचे तुम्ही बघा.

मग प्रश्न उभा राहतो. लिलावाचा हातोडा पडला की कोणता बोजा पुसला जातो आणि कोणता उरतो? हा प्रश्न वकिलांचा आहे असे आपल्या तरुणांना वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. कोणाचा हक्क लिलावानंतरही जिवंत राहायचा आणि कोणाचा पुसून टाकायचा, हे निसर्गाने ठरवलेले नाही. कायद्याने ठरवले आहे. आणि कायदा कोणाच्या बाजूने लिहिला जातो हे बाबासाहेबांच्या अनुयायांना वेगळे सांगायला नको. रायगडचा, म्हणजे १९८१ पर्यंतच्या कुलाबा जिल्ह्याचा, किनारा या प्रश्नाच्या इतिहासाने भरलेला आहे. तो इतिहास माहीत नसलेला माणूस लिलावात फसतो. आणि ज्याच्या पायाखालची जमीन लिलावात निघाली आहे, त्याला आपला हक्क अजून शाबूत आहे हेच कळत नाही.

बोजालाही जात असते

सातबाऱ्यावर 'इतर हक्क' असा एक रकाना असतो. गावात त्यातल्या नोंदींना सरसकट 'बोजा' म्हणतात. पण या रकान्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी शेजारी शेजारी बसलेल्या असतात.

पहिला बोजा पैशाचा. बँकेचे गहाण, सोसायटीचा इकरार, थकलेला सारा, कराची जप्ती. हा बोजा पैसे भरले की कमी होतो. दुसरा बोजा माणसाच्या हक्काचा किंवा कायद्याच्या अटीचा. कुळाचे नाव, वतनाची शर्त, आदिवासी खातेदाराच्या जमिनीवरचे हस्तांतरणाचे बंधन, वाडीकडे जाणारी वहिवाट. हा बोजा पैसे भरून उतरत नाही, कारण तो मुळात कर्ज नाहीच. एखादी बँक कोट्यवधी रुपयांना जमीन विकेल, पण त्या पैशातून कुळाचा हक्क 'फिटत' नाही.

ही फोड नीट ध्यानात ठेवा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे या दोन बोजांमधली लढाई आहे. दीडशे वर्षांपूर्वी पैशाचा बोजा वरचढ होता आणि माणसाच्या हक्काला बोजा म्हणून मान्यताच नव्हती.

सरकारचा लिलाव: सगळे पुसून साफ

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचे कलम ५६ काढून बघा. साऱ्याची थकबाकी हा जमिनीवरचा सर्वांत वरचा बोजा मानला होता. सारा थकला तर कलेक्टर ती जमीन सरकारजमा करून विकू शकत असे, आणि ती विक्री कब्जेदाराने किंवा त्याच्या आधीच्या मालकांनी निर्माण केलेल्या सगळ्या हक्कांपासून आणि बोजांपासून मुक्त असे. ऐकायला किती स्वच्छ वाटते! पण 'कब्जेदाराने निर्माण केलेला हक्क' म्हणजे काय? त्यात सावकाराचे गहाण येते, तसा जमीन कसणाऱ्या कुळाचा पट्टाही येतो. सारा थकवला मालकाने आणि जमिनीवरून उठला कसणारा.

दिवाणी न्यायालयाचा लिलाव वेगळा होता. तिथे विकला जातो तो ऋणकोचा जेवढा हक्क शिल्लक आहे तेवढाच. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर २१, नियम ६६ प्रमाणे लिलावाच्या जाहीरनाम्यात मालमत्तेवरचे बोजे नमूद करावे लागतात. पण त्या लिलावात बोली लावणारा कोण असे? बहुतेक वेळा तोच सावकार, ज्याचा हुकूमनामा असे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खाती आणि कर्जरोखे जाळले, ते उगीच नाही. त्या उठावानंतर १८७९ चा डेक्कन शेतकरी साहाय्य कायदा आला. शेतकऱ्याची जमीन खास गहाण टाकलेली नसेल तर साध्या पैशाच्या हुकूमनाम्यात ती विकता येणार नाही, असे त्याने ठरवले. पण सुरुवातीला तो कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरता होता. कोकण त्यात नव्हते. घाटाखाली तर सावकारापेक्षा मोठे प्रकरण बसले होते. त्याचे नाव खोत.

खोत, कूळ आणि चरीचा संप

खोत हा मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा मध्यस्थ. पण हळूहळू तो गावाचा मालक होऊन बसला. खोतांत ब्राह्मण होते, प्रभू होते, मराठे होते, मुसलमानही होते. जात कोणतीही असो, कुळाच्या मानेवरचे जोखड एकच होते. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात आणि वर वेठ. खोताची खोती विकली जाई, गहाण पडे, वारसांत वाटली जाई. कागदावर ती भक्कम मालमत्ता होती. तिच्याखाली दबलेल्या साध्या कुळाचा, ज्याला उपरी म्हणत, हक्क मात्र खोताच्या मर्जीवर. म्हणजे खोती विकत घेणाऱ्याला कुळांचे कष्ट मिळत, पण कुळांचा हक्क त्याच्यावर बंधनकारक नसे.

या अन्यायाविरुद्ध अलिबागजवळच्या चरी गावातून जो संप उभा राहिला, त्याच्या तोडीची दुसरी लढाई महाराष्ट्राच्या शेतकरी इतिहासात सहज सापडणार नाही. २७ ऑक्टोबर १९३३ रोजी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २५ गावांच्या शेतकऱ्यांनी जमीनदाराची जमीन कसायची नाही असे ठरवले. बहुतेक आगरी कुळे. संप १९३९ पर्यंत चालला. जंगलातली लाकडे तोडून विकली, मिळेल ते खाल्ले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब चरीला गेले, संपकऱ्यांच्या पाठीशी उभे राहिले. महाडच्या सत्याग्रहात त्यांच्यासोबत असलेले अनंत चित्रे आणि सुरेंद्रनाथ टिपणीस हे खोतीविरोधी लढ्यातही होते. महाडचे पाणी आणि चरीची जमीन हे दोन लढे वेगळे नव्हते, हे ज्यांना आजही पटत नाही त्यांनी ही नावे बघावीत.

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. ते नीट समजून घ्या, कारण आपल्या आजच्या विषयाचा गाभा तिथे आहे. त्या विधेयकात खोताला योग्य मोबदला होता. आणि कुळाला? त्याला जमीन महसूल कायद्याखालचा कब्जेदार करून थेट सरकारशी जोडायचे होते. म्हणजे बाबासाहेबांनी बोजांची अदलाबदल केली. खोताचा हक्क त्यांनी पैशाच्या रकान्यात टाकला: घे आणि उठ. आणि कसणाऱ्याचा हक्क त्यांनी जमिनीला जोडला, तो कुणाच्या विक्रीने पुसला जाणार नाही असा. १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर चालून गेले. विधेयक त्या वेळच्या काँग्रेस सरकारने मंजूर होऊ दिले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने, स्वातंत्र्यानंतर.

पण चरीच्या संपाने दरम्यान एक शब्द कायद्यात आणला होता: 'संरक्षित कूळ'. १९३९ च्या मुंबई कूळ कायद्याने १ जानेवारी १९३८ पूर्वी सलग सहा वर्षे जमीन कसणाऱ्याला तो दर्जा दिला. पुढे १९४८ चा कूळ कायदा आला आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी पात्र कूळ जमिनीचा खरेदीदार मानला गेला. म्हणजे त्यानंतर कोणी जमीनदाराची ती जमीन लिलावात घेतली, तरी त्याच्या हाती जमीन येत नाही. फार तर जमीनदाराला कुळाकडून मिळायची राहिलेली किंमत येते.

इथे एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. कूळ कायद्याने ज्याचे नाव पीकपाहणीत होते त्याला तारले. ज्याचे नावच कधी कागदावर चढले नाही, त्या भूमिहीन मजुराला काय मिळाले? १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' मध्ये बाबासाहेबांनी हे आधीच सांगून ठेवले होते की, कूळ कायद्यांचा भूमिहीन अस्पृश्य मजुरांना काही उपयोग नाही. त्यांचा उपाय होता जमीन राज्याच्या मालकीची करून, जातिभेद न पाळता, गावातल्या कुटुंबांना सामुदायिक शेतीसाठी देण्याचा. तो उपाय बाजूला ठेवला गेला. म्हणून आजही आपल्या वाड्यांमधल्या अनेकांचा हक्क कागदावर नाही, आणि लिलाव कागद बघतो.

चवदार तळे: रूढीचा बोजा

महाडचा लढा आपण पाण्याचा आणि माणुसकीचा म्हणून सांगतो. तो तसाच आहे. पण न्यायालयात तो मालमत्तेवरच्या बोजाचा खटलाही होता. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर सनातन्यांनी दावा लावला. तळे खाजगी आहे, आणि अस्पृश्यांना तिथे मज्जाव करण्याची पुरातन रूढी आहे, असे त्यांचे म्हणणे. म्हणजे काय? तळे नगरपालिकेचे असले तरी त्याच्यावर आमच्या जातीचा बोजा आहे, असे ते सांगत होते. मालक बदलला, काळ बदलला, १९२३ चा बोले ठराव आला, १९२४ साली महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले, तरी हा बोजा उतरत नाही असा त्यांचा दावा.

खालच्या न्यायालयांनी मालकीचा दावा फेटाळला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने रूढीचा दावाही फेटाळला, ती अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही म्हणून. लक्षात घ्या, न्यायालयाने रूढी अन्यायकारक आहे म्हणून ती मोडीत काढली नव्हती. पुरावा कमी पडला एवढेच म्हटले. तो दरवाजा कायमचा बंद केला तो संविधानाने. कलम १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत रूढी शून्य ठरवल्या आणि कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. आज या देशात कोणत्याही विहिरीवर, तळ्यावर, रस्त्यावर, भूखंडावर किंवा सोसायटीच्या फ्लॅटवर जातीचा बोजा उरू शकत नाही. कागदावर नाही आणि तोंडी नाही.

पण याची दुसरी बाजूही आहे. वाडीतून स्मशानाकडे, विहिरीकडे, समुद्राकडे जाणारी जुनी वाट हा खरा हक्क असू शकतो. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे २० वर्षे उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेली वहिवाट ही जमिनीला चिकटते. मालक बदलला तरी ती जात नाही. लिलावात जमीन घेतलेल्याने कुंपण घालून वाट अडवली, तर १९०६ च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. ती सहा महिन्यांच्या आत मागावी लागते, म्हणून गप्प बसू नका.

महार वतन: न विकता येणारी बेडी, न विकता येणारे कवच

आता आपल्या घरातला विषय. महार वतनाची जमीन १८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याखाली सरकारच्या परवानगीशिवाय विकता किंवा गहाण टाकता येत नसे. सावकाराचा हुकूमनामा तिच्यावर सहजासहजी चालत नसे. काही लोक म्हणतात, मग वतन चांगलेच होते की! बाबासाहेबांनी या भ्रमाला कधी थारा दिला नाही. जमीन वाचत होती, पण माणूस गहाण पडत होता. त्या तुकड्याच्या बदल्यात सगळ्या महार कुटुंबांना गावकीची आणि सरकारची कामे रात्रंदिवस करावी लागत. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. पूर्ण सारा भरून जमीन रयतवारी करून घ्यावी आणि चाकरीतून सुटावे, हा त्याचा गाभा. १६ डिसेंबर १९३९ रोजी हरेगावला वतनदार महार-मांगांच्या परिषदेत त्यांनी वाढवलेल्या जुडीविरुद्ध आवाज उठवला.

शेवटी १९५८ च्या कनिष्ठ गाव वतन निर्मूलन कायद्याने, १ ऑगस्ट १९५९ पासून, वतने गेली. ठरलेली रक्कम भरून जमीन वतनदाराला पुन्हा देण्यात आली, पण नव्या शर्तीवर: जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर नाही. चाकरी गेली, बंधन राहिले. आणि हे बंधन आज आपल्यासाठी बेडी आहे की कवच, यावर आपल्यात वाद आहे. आमचे मत स्पष्ट आहे. ज्या कुटुंबाला स्वतःची गरज म्हणून जमीन विकायची आहे त्याला परवानगीसाठी वर्षानुवर्षे खेटे घालायला लावणे चूक आहे. पण ही अट सरसकट काढून टाकली तर रेवस-मांडवा पट्ट्यातली आणि विमानतळाच्या आसपासची वतनी जमीन कोणाच्या हातात जाईल? २०२५ च्या नोव्हेंबरात पुण्याच्या मुंढव्यातल्या महार वतनाच्या जमिनीचा व्यवहार राज्यभर गाजला, तो याच प्रश्नावरून. बंधन ढिले करायचे तर ते वतनदारासाठी करा, जमीन लाटणाऱ्यासाठी नको.

लिलावापुरते सांगायचे तर नियम साधा आहे. जे आपल्याकडे नाही ते दुसऱ्याला देता येत नाही. भोगवटादार वर्ग २ च्या माणसाने कायद्याने लागणाऱ्या परवानगीशिवाय गहाण टाकले असेल, तर बँकेला मिळालेले गहाणच लंगडे. त्या लंगड्या गहाणातून लिलावात घेणाऱ्याला धड मालकी कुठून येणार?

आजचा लिलाव: काय जाते, काय राहते

आजचे बहुतेक बँक-लिलाव २००२ च्या सरफेसी कायद्याखाली होतात. कलम १३(२) ची ६० दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. सहकारी बँका आणि पतसंस्था १९६० च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेऊन नियम १०७ खालीही लिलाव करतात. आपल्यातला एखादा तरुण नोकरीतली पै-पै जमवून पनवेल किंवा उरणमधला लिलावातला फ्लॅट घेऊ बघतो, तेव्हा त्याला पुढच्या गोष्टी माहीत हव्यात.

विकणाऱ्या बँकेचे स्वतःचे कर्ज त्या मालमत्तेपुरते संपते. पण तिच्या आधीचे दुसऱ्या बँकेचे गहाण असेल तर ते आपोआप जात नाही. सरकारी करांचे काय? २४ जानेवारी २०२० पासून सरफेसीच्या कलम २६-ई प्रमाणे, सेरसाईकडे नोंदलेल्या गहाणाला सरकारी करांपेक्षा अग्रक्रम आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ३० ऑगस्ट २०२२ च्या जळगाव जनता सहकारी बँकेच्या निकालात यावर सविस्तर विवेचन केले आहे. पण कर विभागाची जप्ती त्या तारखेआधी रीतसर जाहीर झाली असेल तर चित्र बदलते. म्हणून जप्तीची तारीख बघितल्याशिवाय बोली लावू नका.

वीजबिल आणि घरपट्टी हे लहान वाटतात, पण रडवतात. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२३ रोजी के. सी. निनान प्रकरणात सांगितले की विजेची थकबाकी आपोआप जागेवरचा बोजा होत नाही. पण नियमात तशी तरतूद असेल तर वीज कंपनी नवीन जोडणी देण्याआधी जुनी बाकी मागू शकते. जाहिरातीत 'सर्व थकबाकी खरेदीदाराने भरावी' असे लिहिले असेल तर ती आपल्याच अंगावर येते, हे धरून चाला. सोसायटीची बाकीही लेखी विचारून घ्या.

भाडेकरूचा हक्कही उरू शकतो. २० जानेवारी २०१६ च्या विशाल कलसारिया निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की भाडेनियंत्रण कायद्याखालच्या भाडेकरूला सरफेसीच्या जोरावर सरळ हुसकावता येत नाही. ११ सप्टेंबर २०१९ च्या बजरंग अग्रवाल निकालाने मात्र तोंडी, कागद नसलेल्या भाडेकरूचे संरक्षण फार कमी केले. पुन्हा तेच: ज्याच्याकडे कागद आहे तो टिकतो.

शेतजमीन तर सरफेसीत येतच नाही. कलम ३१(आय) ने ती बाहेर ठेवली आहे. पण गाफील राहू नका. १९ मार्च २०१८ रोजी गोव्यातल्या समुद्रकाठच्या एका हॉटेलच्या, ब्लू कोस्टच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की नुसती महसुली नोंद शेतीची असून भागत नाही, प्रत्यक्षात शेती होते का ते बघायचे. आपल्या किनाऱ्यावरच्या कुळांनी यातून धडा घ्यावा. नोंदही हवी आणि शेतात पीकही हवे. आणि घेणाऱ्यासाठी दुसरी अट: कूळ कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही, ती न्यायालयाच्या लिलावातली असली तरीही. आदिवासींच्या जमिनीला महसूल संहितेचे कलम ३६-अ असेच कवच देते. कातकऱ्याची जमीन कोणत्याही हुकूमनाम्याच्या लिलावात बिगर-आदिवासी माणूस परवानगीशिवाय घेऊ शकत नाही.

समुद्राचा बोजाही विसरू नका. सीआरझेडची अधिसूचना पहिल्यांदा १९९१ साली आली. ते बंधन मालकावर नाही, जागेवर आहे. अलिबागजवळ किहीमला नीरव मोदीचा बंगला होता. पंजाब नॅशनल बँकेच्या घोटाळ्यात ईडीने त्याच्यावर जप्ती आणली होती. तरीही सीआरझेडचा भंग म्हणून ८ मार्च २०१९ रोजी तो बंगला सुरुंग लावून पाडला. बँकेचा दावा कितीही मोठा असो, भरतीच्या रेषेवरचे बेकायदा बांधकाम त्याने कायदेशीर होत नाही. लिलावातला 'सी-फेसिंग' बंगला घेणाऱ्याने हे चित्र डोळ्यांसमोर ठेवावे.

आणि कर्जदार आपणच असलो तर? २०१६ च्या दुरुस्तीनंतर थकबाकी भरून मालमत्ता सोडवण्याची संधी लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच असते. २०२३ च्या बाफना मोटर्स निकालाने ते पक्के केले. नोटीस आल्यावर धावपळ करून उपयोग नाही. ६० दिवसांच्या नोटिशीला लेखी हरकत घ्या आणि ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जा.

आपण काय करायचे

कोणी म्हणेल, लिलाव हा भांडवलदारांचा खेळ आहे, आपला त्याच्याशी काय संबंध? आमचा याला विरोध आहे. चरीच्या शेतकऱ्यांना खटल्यांची आणि कबुलायतींची भाषा परकी होती, पण त्यांनी ती शिकून घेतली. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा खटला दहा वर्षे लढवला. कागद हा शत्रूचा आहे म्हणून सोडून दिला तर शत्रू तो एकटाच वाचतो.

लिलावात काही घेणार असाल तर किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्या. सातबाऱ्याबरोबर जुने फेरफार काढा, कारण पुसलेली नोंद फेरफारात सापडते. विक्री दाखल्यात मालमत्ता बोजामुक्त आहे की नाही हे लिहावेच लागते. सरफेसीच्या नियम ९(१०) मध्ये तसे आहे. पण तिथे फक्त 'बँकेला माहीत असलेले' बोजे येतात. बँकेला माहीत नसलेला बोजा शोधणे ही तुमची जबाबदारी.

आणि प्रत्येक वाडीत एक वही हवी. कोणाचे घर कोणाच्या सातबाऱ्यावर उभे आहे, किती वर्षे आहे, घरपट्टीची पावती कोणाच्या नावाने आहे, वाट कुठून जाते, विहीर कोणाच्या हद्दीत येते, हे लिहून काढा. कूळ कायद्याच्या कलम १६ आणि १७ मध्ये जमीनदाराच्या जागेवर घर बांधून राहणाऱ्या कुळाच्या, शेतमजुराच्या आणि कारागिराच्या घराला संरक्षण आहे. आपल्या किती वाड्यांनी ते मागितले? तहसील कार्यालयात अर्ज द्या, पोच घ्या. वर्तमानपत्रात आपल्या गावच्या गटनंबराची लिलावाची जाहिरात दिसली की त्याच आठवड्यात वसुली अधिकाऱ्याला लेखी हरकत पाठवा: या जमिनीवर आमचा अमुक हक्क आहे. हरकत पोहोचली की पुढच्या खरेदीदाराला 'मला माहीत नव्हते' म्हणता येत नाही. कायद्यात या एका गोष्टीला फार वजन आहे.

खोताच्या काळी कुळाचा हक्क कुठल्याच रकान्यात नव्हता. लोकांनी उपास काढून, मोर्चे काढून, विधेयके मांडून तो 'इतर हक्क' मध्ये आणून बसवला. आज जमिनीचे व्यापारी त्याच रकान्याला अडथळा म्हणतात, तो 'क्लिअर' करून मागतात. तो रकाना आपल्या आजोबांच्या लढ्याची पावती आहे. ती आधी वाचायला शिका आणि मग कोणालाही परस्पर फाडू देऊ नका.

जय भीम!